सुटली का?

प्रेस्टन, फेब्रुवारी. खिडकीखाली गाड्यांचा तळ.
एका काचेवरच्या हिमात कुणीतरी बोटानं
हसरा चेहरा काढून गेलंय.
रात्री एकपासून मी त्याच्याकडेच बघतेय.

पोटाला पट्टा. यंत्रातून तुझे ठोके,
ओल्या रस्त्यावरून घोडा धावावा तसे.
मधेच टाप चुकते.
मग सुईण मोरीन येते, पट्टा सरकवते,
म्हणते, कूस बदल, पोरी.
मी बदलते. घोडा परत येतो.

फोन उशीपाशी. जालन्यात साडेआठ वाजलेत.
भगिनी मंडळाच्या सहा जणी
आमच्या बैठकीत, सतरंजीवर, डोक्यावर पदर.
सुवार्तामावशी सुरुवात करते
आणि थांबायचं कुठे ते तिला कधीच कळत नाही.
मिशन कंपाउंडातले सगळे आजारी,
वत्सलाबाईंचा गुडघा,
मग थेट राणीच्या देशातल्या डॉक्टरांचे हात.
(राणी गेली, मावशी. राजा आहे आता.
पण देवाला पत्ता कळतो.)
आणि शेवटी, सगळ्या मिळून:
दयाळू पित्या, आमच्या लेकीची सुटका कर.

सुटका.
हाच शब्द तेव्हाही होता,
गेल्या वर्षी, विसाव्या आठवड्यात.
ह्याच सहा जणी, हीच सतरंजी.
सुटका झाली. माझी.
त्याची पेटी शमुवेलनं स्वतः उचलली,
बुटांच्या खोक्याएवढी, दोन्ही हातांनी,
आत पाणी असावं आणि हिंदकळेल असं चालत.

त्यानंतर मी चॅपलमध्ये जायचे, उभी राहायचे, बसायचे,
ओठ हलवायचे.
शेजारी डोरीनबाई विणत असायच्या, पिवळं काहीतरी.
कुणासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.

आता कळ.
कमरेत कुणी जातं ओढतंय, एकटीनं,
दुसऱ्या बाजूला धरायला कुणी नाही.
मी पित्याला हाक मारायला तोंड उघडते,
लहानपणापासून पाठ, दोन भाषांत पाठ,
आणि बाहेर पडतं ते
आई गं.

फोनमधून माझी आई ‘ओ’ देते.
सुवार्तामावशीची प्रार्थना मधेच तुटते.
पहिल्यांदाच.

“काय म्हणतेस ते सारखं?” मोरीन विचारते. “प्रार्थना का?”

मी नाही म्हणणार होते.
पण मला ती पोर आठवली,
कसल्याशा नोंदणीसाठी परगावी आलेली,
नवरा दाराबाहेर घुटमळणारा,
आई कुठल्या कुठे, आणि फोन नाही.
गुरांच्या श्वासाची ऊब, बस्स.
देवदूतांचं गाणं नंतरचं.
त्याच्या आधी तिनंही तिच्या बोलीत
हेच म्हटलं असणार की.
आणि तो तर आतच होता, डोकं खाली,
अंधारात अडकलेला.
माणसांच्या जगातलं पहिलं काही
त्याच्या कानावर पडलं असेल, तर ते हे.

म्हणून ह्या दोन शब्दांना तो ओ देत असावा.
असावा, एवढंच म्हणते.
त्या पेटीबद्दल मला त्याला अजून विचारायचंय.

“हो,” मी म्हणाले. “प्रार्थना.”
“मग मोठ्यानं म्हण की!”

चार वाजून दहा मिनिटांनी तू आलीस,
निळसर, चिडलेली, मुठी वळून,
जणू कुणाशी भांडण अर्धवट सोडून.
शमुवेलला रडू आवरेना, पिशवीची चेन उघडेना.
उघडली, तर वरच पिवळं स्वेटर.
बाह्या तुझ्या हातांहून वीतभर लांब.

फोन अजून चालूच होता.
सहा जणी गप्प. मागे कुकर ओरडत होता,
कुणी उठत नव्हतं.
आई म्हणाली, “सुटली का गं?”

कोण सुटलं, कशातून, ते पुढे बघू.
“हो,” म्हणाले.
“आई, कुकर बंद कर.”