मासळीबाजारातला बर्फ

उद्यमबागेत, लेथच्या शेडांमागे,
दुसऱ्या मजल्यावर आमची लॅब.
खाली दिवसभर पंपाचे सुटे भाग घासले जातात,
वर आम्ही माणसाचा एक सुटा भाग बनवतो
माणसाशिवाय.

जीन आला होता टपालानं,
टिकलीएवढ्या कागदात वाळवलेला.
पाकिटावर नुसता नंबर.
मूळ कुणाच्या शरीरातला, कुणाला ठाऊक.
बाई होती की बाप्या, न्याहारीला काय खायचं ते माणूस,
ठेच लागली तर कुठल्या भाषेत कळवळायचं.

जंतूंना तो जसाच्या तसा वाचता येईना.
अर्थ तोच ठेवून स्पेलिंग बदलावं लागलं.
महादेवी म्हणाली, “आमच्या गावाच्या पाटीसारखंच की!”
दोघी हसलो,
पण आधी दार लावून.

संध्याकाळी फ्लास्क अठरा अंशांवर लावले,
चिमूटभर जस्त घातलं.
उबेत जंतू घाई करतात,
आणि घाईत घडी चुकली की एन्झाइम
गोळा होऊन बसतं तळाशी,
फसलेल्या उकडीसारखं.
मग कितीही मळा.

रात्री तीनदा वीज गेली.
इन्व्हर्टरनं शेकर तगवला, बर्फाचं मशीन नाही.
सकाळी पेशी फोडायच्या तर बर्फ हवाच,
चार अंशांच्या वर गेलं की आमचं हे पाहुणं
रुसतं, विरतं, कुणीतरी खातं त्याला.
मी थर्मोकोलचा खोका पायांत धरून
स्कूटरवरून कॅम्पात.

चोर्ल्याच्या घाटातून गाडी नुकतीच उतरली होती.
फिलोमिना बांगड्यांवरचा बर्फ फोडत होती.
“नुस्तें नाका? फकत बर्फ?”
मागून आमच्या गल्लीतल्या सुमित्राक्का:
“काय करूलालीस गे हितं? माळ काढलीस काय?”
म्हटलं, एन्झाइमला पायजे.
“कोण त्यो?”
“आपल्यातलाच एक.”

खोटं नव्हतं.
तिच्या रक्तात, फिलोमिनाच्या, माझ्या,
आत्ता या घटकेला
तो श्वासातला वायू पाण्यात मिसळत होता,
सेकंदाला लाखो वेळा,
पगार न मागता.

दुपारभर कॉलम.
हिरवट निकेलवरून बाकी सगळं वाहून गेलं,
जंतूंचं हजार प्रकारचं स्वतःचं सामान.
आमचं तेवढं सहा कड्यांच्या शेपटीनं
धरून राहिलं.
सोडवलं तर नळीत पाणीच दिसलं.
मेहनतीचा रंग नसतो, एवढं एक कळलं मला या नोकरीत.

मग चाचणी. निळ्याचं पिवळं व्हायला किती वेळ.
नुसत्या बफरला एक मिनिट तीन सेकंद.
आता एन्झाइमचा थेंब.
महादेवी ओंदु, एरडु, मूरु,
मी एक, दोन, तीन,
दोघीही मोठ्यानं, दोघीही नळीकडे बघत.
पिवळं झालं तेव्हा ती हन्नोंदुवर होती, मी दहावर,
आणि स्टॉपवॉचचं बटण
कुणीच दाबलं नव्हतं.

पुन्हा केलं. साडेदहा.
वहीत लिहिलं, दोघींनी सही केली.
मागच्या खेपेला नऊ होते,
तेही लिहिलं.

ग्लिसरॉल घालून चाळीस नळ्यांत वाटून टाकलं,
एका नळीत एका दिवसापुरतंच.
गोठवायचं एकदा, उघडायचं एकदा,
पुन्हा पुन्हा वितळवलं तर विसरतं ते
आपण काय करत होतो.
पुण्याला वीस, धारवाडला दहा, दहा आमचे.

उणे ऐंशीचं दार उघडलं, वाफ पायांवर आली.
शेवटच्या नळीला बाहेरून काहीतरी चिकटलेलं,
नखाएवढं, चंदेरी.
बांगड्याचा खवला.
त्याच्याही रक्तात हेच काम चालायचं,
थोड्या वेगळ्या स्पेलिंगनं.

पुसायला टिश्यू घेतला.
मग तसंच ठेवलं, एकतीस नंबर,
आणि दार लावलं.
हातांना अजून मासळीचा वास येतोय.
महादेवी लिंगायत, डबा उघडून बसलीय,
काही बोलत नाही,
फक्त खिडकी उघडते.