राजीनामा

विजयनगरच्या कोर्टाबाहेर, निलगिरीखाली
माझं टेबल, छत्री, जुना टाइपरायटर.
त्याचा 'ढ' अर्धाच उठतो.

व्हिसाची मुदत वाढवायला आली.
नाव : गोलनार सोहराबी. मूळ गाव : शिराझ.
व्यवसाय?
माफी मागते, म्हणाली.
कुणाची?
कुणासाठी, असं विचारा.

तिकडे ज्याचा माणूस मेला, त्या घरानं
'आम्ही राजी आहोत' लिहून दिलं
तर मारणाऱ्याची मान सुटते.
हिनं अशी चोवीस दारं ठोठावली.
एका आईनं थोबाडीत मारली, मग चहा टाकला,
आणि तिसऱ्या हिवाळ्यात सही केली.
एका बापानं केली ती पहाटे पाचला.
दोर साडेचारचा होता.

मग हिच्याच नावाचं वॉरंट निघालं.

माझ्या फायलीवर बोट ठेवून विचारते, हे काय?
राजीनामा, म्हटलं. नोकरी सोडायचा कागद.
ती हसली. इतकी, की स्टॅम्पवाला वळून बघायला लागला.
आमचाही जवळजवळ हाच शब्द,
आमच्याकडे त्यानं माणूस वाचतो!
मग बोटांवर मोजत गेली,
अर्ज, फिर्याद, कैद, जल्लाद,
सगळे आमच्याकडनं आलेत तुमच्या कोर्टात.
आणि फाशी?
ती आमची, म्हटलं. घरची.
फास. दाव्याला मारतो तसली गाठ.

मी सांगितलं नाही
की गावातल्या पोरीचं ते झालं त्या साली
'आरोपीस भरचौकात फाशी व्हावी'
हा अर्ज याच मशीनवर मी टाइप केला.
सहाशे बारा सह्या. एक चूक नाही.
पैसे घेतले नव्हते.
कार्बन कॉपी अजून खणात आहे,
तिच्या गुडघ्यापासून वीतभर लांब.

बुधवारी ती झोपत नाही.
आपल्या सहाला तिकडे चार वाजतात.
मार्केट यार्डात, हळदीच्या गोदामावरच्या खोलीत
फोन पुढ्यात घेऊन बसते.
आठपर्यंत वाजला नाही, तर गॅस पेटवते.

व्यवसायापुढे मी 'समाजकार्य' टाइप केलं.
वाचा, म्हणाली. वाचलं.
खोडा.

व्हाइटनर वाळेपर्यंत दोघं गप्प.
तिनं पर्समधून तासगावचे बेदाणे काढले,
चार माझ्यापुढे ठेवले.
आमचे जरा आंबट असतात, एवढंच बोलली.

कागद परत लावला. रोलर फिरवला.
'म', काना.
मग बोट 'फ'वर गेलं आणि थांबलं.
तोच 'फ'.
मशीनवर दुसरा नाही.