मालकाला विचारतो

सतरा वर्षं दुसऱ्याची गाडी हाणली.
आता आरसीवर माझं नाव आहे,
बसवंत शिवलिंग हुडगे, मुक्काम उदगीर,
आणि त्याखाली, जरा डोळे बारीक केले की दिसतं,
फायनान्स कंपनीचं.

गाडी अप्पांचीच, दहा टायरी.
त्यांनी विकली, मी घेतली.
सीटमधला खड्डा माझ्याच बुडाचा,
दुसरा गिअर अडतो तोही माझ्याच हाताला ओळखून.
फक्त चावी खिशात वेगळीच लागते,
मांडीला टोचते.

इलियास पेंटरनं मागच्या फाळक्यावर
'अप्पा रोडलाइन्स'वर निळ्या रंगाचे दोन हात मारले.
"आता काय लिहू?"
चंद्रकला म्हणाली पोरीचं नाव, भाऊ म्हणाला देवाचं.
मी म्हणालो, पहिलं भाडं होऊ दे.
खरं तर अक्षरांचे पैसे टाकीत गेले होते.

दालमिलचा मुनीम म्हणाला,
"मालकाला फोन लाव. अॅडव्हान्सचं बोलायचंय."
"बोला."
"तुझ्याशी नाही बे, मालकाशी."
"बोला की."
त्यानं चष्मा वर सारला,
जुना टायर बघतात तसं मला बघितलं,
सवयीनं बिल्टीवर अप्पांचं नाव लिहिलं,
खोडलं, वर माझं घातलं.
कार्बनखालच्या तिन्ही प्रतींत
दोन्ही मालक उमटले.

तुरीची डाळ. लातूर, अंबाजोगाई, केज.
ताडपत्री मी स्वतः तीनदा ओढून पाहिली,
रेवण हसला, "मामा, हे माझं काम हाय."
पूर्वी खालून कुठं खडखड आली
की मी रेडिओ मोठा करायचो.
आता रेडिओ बंद.
कमानपाटा वाजला की पाच हजार,
हवा सुसली की दोन,
खड्ड्यात चाक गेलं की माझं पोट आत जातं.
रस्ता तोच, आवाजांना भाव लागलेत.

मांजरसुंब्याचा घाट आला.
इथं उतरताना ब्रेक जळल्याचा वास यायचा
आणि मी अप्पांना मोठ्यानं शिव्या द्यायचो,
दोन टन जास्त भरायला लावलेत म्हणून,
तुमचं काय जातं, मरणार मी म्हणून.
क्लिनर दात काढायचे.
या खेपेला माल मापात होता.
घाट मुकाट्यानं उतरला.
शिवी ओठापर्यंत आली,
पण कुणाला द्यायची ते सुचेना.

संभाजीनगरच्या मोंढ्यात गाडी खाली झाली.
परतीचं भाडं नाही.
जालन्याला सळई मिळेल म्हणून एमआयडीसीच्या कडेला
दोन रात्री उभा.
रिकाम्या गाडीत झोप लागत नाही,
भरलेलीत लागायची.
केबिनच्या दिव्यात वही काढली:
डिझेल, टोल, हमाली, मोंढ्यातला चहा.
रेवणचा भत्ता तीनशे. लिहिला.
ड्रायव्हरचा भत्ता तीनशे. लिहिला,
जरा बघत बसलो,
मग मालकानं तो कापून दीडशे केला.
ड्रायव्हर काही बोलला नाही.
सतरा वर्षांत पहिल्यांदाच.

तिसऱ्या दिवशी, उन्हं डोक्यावर, नंबर लागला.
सळईचे भारे क्रेनला लोंबकळत आले,
गाडी एकेका भाऱ्यागणिक बसत गेली,
जत्रेतून परतणारी म्हातारी बसते तशी, कण्हत.
काट्यावरचे लाल आकडे थांबले. बरोबर मापात.
लोडिंगवाला पोरगा जवळ आला, आवाज खाली:
"शेठ, दोन टन अजून टाकतो.
तेवढ्यात हप्ता निघतो तुमचा.
रात्री निघा, कोण बघतंय?"

शेठ म्हणाला तो मला.

रेवण ऐकत होता. बोटानं टायरवरची माती खरवडत होता,
वर बघत नव्हता.
हप्ता सात तारखेला. आज चार.

"थांब जरा," मी म्हणालो,
"मालकाला विचारतो."

आणि गाडीच्या मागं गेलो.
दुपारच्या तिरप्या उन्हात
निळ्या रंगाखालून अप्पांची अक्षरं
अजून फुगून दिसत होती.
खाली कोरी जागा.
क्रेन चालू होती. पोरगा हाक मारत होता.
मी तिथंच उभा,
फोन कानाला लावून,
नंबर न लावता.