तीनशे चार

फंडाचे आले तेवीस लाख, ग्रॅच्युइटी धरून.
बाकी कर्ज. तेही लेकाच्या नावे,
बँकेला माझं वय पटलं नाही.
दीपनगरला चौतीस वर्षं राखेत काढली,
आता भुसावळात, तिसऱ्या मजल्यावर
एक दार माझं.
पाटी तडवी सरांची.

आम्ही अजून भारंबेंच्या दोन खोल्यांत.
नळ दोन दिवसांआड, भाडं जुनंच.
तिकडून नऊ हजार येतात, पंधरा जातात,
मधलं पेन्शन भरतं.

मे महिन्यात फोन आला, तोटी गळते.
इंदू म्हणाली, मीही येते.
ताबा मिळाला तशी जागा भाड्यानं गेली,
तिनं आतून पाहिलीच नव्हती.
केळीचे वेफर्स घेतले पिशवीत
आणि पाहुण्यासारखे जिने चढलो.

"बसा ना, बसा," तडवीबाई म्हणाल्या,
कूलरसमोरची खुर्ची दिली.
मी कडेवर टेकून
करारातली कलमं आठवत होतो:
भिंतीला खिळा नाही. होते चार.
चौकटीवर पेन्सिलच्या रेघा,
त्यांच्या मुलीची उंची, महिनावार.
मी चष्मा काढून ठेवला.

इंदू स्वयंपाकघरात बराच वेळ.
पाण्याचा आवाज, मग तोही नाही.

वॉशरचे चाळीस रुपये सरांना देऊ दिले नाहीत.

उतरताना, पहिल्या मजल्यावर
कठडा धरून ती थांबली.
"ओटा माझ्या उंचीचा आहे," म्हणाली.

हप्ते उरलेत एकशे अठ्ठावीस.
खिशात किल्ली चाचपली,
दुसरी, जादा, न वापरायची.
बाहेर ऊन मी म्हणत होतं.
तिनं पदर डोक्यावर घेतला
आणि चालू लागली पुढे,
भारंबेंच्या घराकडे.