भिंतीची उत्तर बाजू

बारा फूट उंच, हातभर जाड, आतून पोकळ.
पोव्हिसच्या या टेकडीवर मे उजाडला तरी थंडी हटत नाही,
म्हणून कुणीतरी भिंतीच्याच पोटात धुराडी फिरवली,
आतड्यांसारखी, वळसे घालत,
आणि मागून आग लावली,
पुढे दक्षिणेला पीच मोहरावेत म्हणून.

मी चुन्याची बाई. सांधे खरवडते, भरते.
दक्षिणेच्या अंगाला खिळे मोजले: दोन हजार एकशे चार.
फांदीला काचू नये म्हणून प्रत्येक खिळ्याखाली चिंधी.
बटलरचा काळा कोट, बिलियर्डच्या टेबलाचं हिरवं,
एका ठिकाणी निळी, बारीक ठिपक्यांची,
कुणा मुलीचा झगा आखूड झाला असेल तेव्हाची.
झाडं कधीच गेली.
चिंध्यांना अजून फांदीच्या जाडीचा बाक आहे.

उत्तरेच्या अंगाला ऊन येत नाही.
तिथे कुंड्यांची खोली, कोळसा, अळंब्यांचा अंधार,
आणि माळीकामाच्या पोरांची निजायची जागा:
चार खाटा, एक चूल, एक खिडकी.
खिडकीतून खताचा ढीग.

हेडमाळी प्रॉबर्टची वही मला वाचायला दिली आहे.
अक्षर ताठ, तेही खिळे मारून बसवल्यासारखं.
"१४ एप्रिल. दहिवर गोठलं. इद्वाल रात्रभर आगीपाशी.
१५. तसंच.
१६. तसंच."
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मीठ किती मिळायचं ते वहीत नाही,
जागणं तेवढं आहे.

मग ऑगस्ट:
"हवेलीवर पाठवले पीच एकशे बावीस.
मोजणीत एक कमी. इद्वाल प्रीसला काढून टाकलं."
एक.

गुरुवारी त्या खोलीतल्या चुलीवरची वीट हलली.
मागे हात घातला. काजळी, कोळ्याचं जाळं,
आणि बाठी. खडबडीत, सुरकुतलेल्या,
अशा चोखलेल्या की खाचांतसुद्धा गराचा धागा नाही.
मोजल्या. अकरा.

एकटीच मोठ्याने हसले.
खिडकीवरचा रॉबिन उडून गेला.
अकरा, प्रॉबर्टसाहेब!
हसू ओसरलं तेव्हा आठवलं,
खाटा चार होत्या
आणि बाकी तिघांची नावं वहीत कुठेच नाहीत.

बाठी होत्या तिथे ठेवल्या.
चुना कालवला, त्यात घोड्याचे केस घातले,
वीट बसवून ओलं पोतं टांगलं.
चुन्याला घाई चालत नाही.
संध्याकाळी अहवालात, काय सापडलं ते लिहायच्या रकान्यात,
लिहिलं:
चुलीवरची पोकळी. काजळी काढली. बुजवली.