पुठ्ठ्यातली भोकं

साखर पेठेत नायना
जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे.
भोक असलं की सुई आत,
नसलं की अडली.
एवढंच कळायचं मागाला,
तरी चादरीवर मोर उतरायचा
मान वळवून.

कॉलेजात सर म्हणाले,
पहिली गणकयंत्रं असलेच पुठ्ठे वाचायची.
मग कुणीतरी विचारलं,
यंत्राला विचार करता येईल?
मी वहीत मोर काढत होतो.

घरी येऊन सांगितलं.
नायना चष्मा पुसत राहिले.
"एकदा एक भोक चुकलं.
मोराला तिसरा डोळा.
चारशे चादरी निघाल्या तशाच.
मागाला काय त्याचं?
लाज मला वाटली."

अम्मा विडीला दोरा गुंडाळत होती.
मान वर न करता म्हणाली,
"त्याच आधी खपल्या."