ऐश

फहाहीलला सातव्या मजल्यावर आम्ही पाच जण,
एक फ्रीज, एक गॅस, आणि दाराआड उभी
चाळीस किलो तांदळाची गोण.
मेसच्या वहीत सगळ्यात वर तिचं नाव,
मग तेल, मग गॅस,
मग आम्ही.

मार्चमध्ये दवाखान्यातल्या बाईंनी साखरेचा आकडा दाखवला
आणि कागदावर काट मारत गेल्या.
भात. खुबूस. पाव.
बटाट्यावर तर दोनदा मारली,
त्यांचं त्याच्याशी काही जुनं असावं.
खाली लिहिलं : अंडी, मासे, कोंबडी, पनीर.
मी विचारलं, मग जेवायचं काय?
त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.
गुहागरकडे भात खाल्ला तर माणूस जेवला,
बाकी सगळं नुसतं खाल्लं.

पहिले चार दिवस कुणाला सांगितलं नाही.
पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधे उभा राहून
दोन उकडलेली अंडी, पुडीतलं मीठ,
चोरीचा माल संपवावा तसा.
पाचव्या दिवशी क्रेनची शिडी चढताना
तीनदा थांबलो. पाय माझे नव्हतेच.
खालून हानी बघत होता, आमचा मिसरी फोरमन.
ओरडला नाही. उतरल्यावर
लबनच्या बाटलीत मीठ टाकून हातात दिली,
म्हणाला, माझ्या भावानंही ऐश सोडली.
मला वाटलं, दारू.
तो म्हणाला, भाकरी.
त्यांच्याकडे भाकरीला ऐश म्हणतात, म्हणजे जगणं.
मागून कुवेती ड्रायव्हर म्हणाला, छे, ऐश म्हणजे भात.
मी म्हटलं, आमच्याकडे ऐश म्हणजे चैन.
तिघं जरा वेळ गप्प उभे राहिलो,
आपापली ऐश तोंडात घोळवत.

त्या शुक्रवारी हिशेबाला मी खोलीत सांगून टाकलं.
मुअज्जम परकारनं चष्मा वर केला,
गोणीतला माझा हिस्सा वजा केला, पैशापर्यंत.
मग त्याच ओळीखाली लिहिलं :
अंडी, एक ट्रे, सगळ्यांत.
मी म्हटलं, अरे, खाणार मी एकटा.
तो म्हणाला, वही माझ्याकडे आहे.

तेव्हापासून बाजारातून तो शेरी आणतो, सफी आणतो,
डोकं माझ्याकडे ढकलतो, न बोलता.
मोफिजला मनापासून वाटतं
की भाताशिवाय माणूस मरतो.
रात्रपाळीवरून येऊन रोज सकाळी विचारतो,
भाई, जिंदा?
आणि कन्नूरचा शाजी,
मी यायच्या आत जेवून घेतो,
पातेलं घासून पालथं घालतो,
आणि वास जावा म्हणून
जुलैच्या फुफाट्यात खिडकी उघडतो,
एसी चालू असताना.
विजेचं बिल कोण भरणार, यावर जनार्दन भांडतो.
खिडकी मात्र तोही लावत नाही.

शितं असतील तर भुतं जमतात, म्हणतात.
माझ्या ताटातलं शेवटचं शीत गेलं
तेव्हा ही चार जमली.

सगळं सुरळीत झालं असं नाही.
ऑगस्टमध्ये एका रात्री दोन वाजता
अंधारात, उभ्यानं,
पातेल्यातला गार भात मुठीनं खाल्ला,
आमटी नाही, मीठ नाही.
वळलो तर जनार्दन जागा.
बघितलं त्यानं. कूस बदलली,
भिंतीकडे तोंड केलं.
सकाळी शाजीनं विचारलं, भात कमी कसा?
जनार्दन म्हणाला, मला भूक लागली होती.

घरी काही दिवस खोटंच बोलत होतो.
सुगंधा रोज फोनवर विचारायची, जेवलात काय?
अठरा वर्षं तोच प्रश्न, त्याच वेळेला.
मी हो म्हणायचो, आणि घशात काहीतरी अडकायचं,
काटा असावा सफीचा.
मग एकदा सांगितलं सगळं, साखरेच्या आकड्यासकट.
ती बराच वेळ बोलली नाही.
मागे कुकरची शिट्टी झाली, तिनं गॅस बंद केला असावा.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला फोन.
म्हणाली,
खाल्लंत काय?